टॉलिव्हरची बाजू आणि गॉर्डनचं गवत

टॉलिव्हरची काही चूक नाही, असं वेंडेल क्रूगरचं म्हणणं होतं, आणि ते त्याचं कोणीही न विचारता सगळ्या गावाला सांगून झालं होतं. दातांच्या डॉक्टरला सांगितलं तेव्हा तोंडात दोन नळ्या होत्या. डॉक्टरला वाटलं पेशंट कळवळतोय, म्हणून त्याने आणखी एक इंजेक्शन ठोकलं. मग तेच म्हणणं वेंडेलने अर्ध्या बधिर तोंडाने गावच्या रेडिओवर फोन करून मांडलं. रेडिओवाल्यांनी ते दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा बहुधा विनोद म्हणून. तेव्हापासून वेंडेल रेडिओला वरचेवर फोन लावू लागला.

कॅल्डर गावात शनिवारी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलशिवाय दुसरं काही नसतंच. लग्नसुद्धा नसतं, आणि चुकून कोणी ठरवलंच तर नवरामुलगा कानात रेडिओ खुपसून उभा राहतो. कॉलेजच्या संघाचं नाव कॅटफिश. वाघ, अस्वल, गरुड ही नावं बाकीच्या कॉलेजांनी आधीच उचलली होती. उरला तो मिशाळ मासा कॅल्डरने घेतला, आणि आता नातवंडं असलेली माणसं मिशा लावलेल्या टोप्या घालून स्टेडियममध्ये बसतात आणि स्वतःला गंभीरपणे घेतात.

या माशांचा हुकमी गडी म्हणजे जमारियस टॉलिव्हर. पुढच्या पाच गड्यांनी रेटून वाट करायची आणि त्याने चेंडू काखोटीला मारून समोरच्या गर्दीतून आरपार पळायचं, हे त्याचं काम. गेल्या वर्षी ते त्याने इतकं देखणं केलं की बेकरीवाल्याने त्याच्या नावाचा डोनट काढला. यंदा पहिल्या तीन सामन्यांत तो गर्दीत शिरला आणि तिथेच राहिला. बेकरीवाल्याने डोनट बंद केला नाही, फक्त त्यातला जॅम कमी केला. कॅल्डरमध्ये लोक तोंडावर काही बोलत नाहीत, जॅम कमी करतात.

अपवाद गॉर्डन टिबेट्सचा. हा वेंडेलचा सख्खा शेजारी. ड्रायव्हिंग शिकवून निवृत्त झालेला. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेजारी बसून ब्रेक दाबण्यात गेल्यामुळे कुठलीही गोष्ट पुढे सरकताना दिसली की त्याचा उजवा पाय आपोआप हलायचा.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे चर्चच्या तळघरात कॉफी पीत उभे होते, तिथे हे सुरू झालं.

"संपला तुझा टॉलिव्हर," गॉर्डन लिंबाच्या वडीचा तुकडा मोडत म्हणाला. "पाय घेऊन येतो, डोकं घरी विसरतो."

"पोराचा काय दोष? पुढचे पाच जण त्याला वाटच करून देत नाहीत. सगळी चढाई तिथेच अडते. तू शिरून दाखव भिंतीत."

"वाट होती, वेंडेल. काल तर मक्याचं कापणीयंत्र गेलं असतं एवढी वाट होती."

"असती तर तो गेला असता. वाट मोकळी असली की कोणीही जातो."

"कोणीही?"

"कोणीही. मीसुद्धा."

तळघरातल्या सगळ्यांनी वेंडेलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वेंडेलच्या देहयष्टीबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं, पण ती पळण्यासाठी घडवलेली आहे असं त्याच्या आईनेही कधी म्हटलं नव्हतं. गारपिटीत फुटलेली छपरं विमा कंपनीतर्फे तपासायची, ही त्याची नोकरी. लोकांच्या डोक्यावर तो बिनदिक्कत चालायचा. जमिनीवर मात्र चारचौघांसारखाच.

"दाखव," गॉर्डन म्हणाला. "पुढच्या रविवारी, तुझ्या अंगणात. अकरा तुझे, अकरा माझे, एकच डाव. वाट मोकळी असून तू पलीकडच्या टोकाला पोचला नाहीस, तर त्याच्या पुढच्या रविवारी ब्रॅडक टेकचा जांभळा सदरा घालून दानाचं ताट फिरवायचंस."

ब्रॅडक टेक म्हणजे शेजारच्या परगण्यातलं कॉलेज, आणि जांभळा हा कॅल्डरमध्ये रंग मानला जात नाही. वेंडेल चर्चमध्ये ताट फिरवायचा. गेली कित्येक वर्षं राखाडी कोट आणि मोहरी रंगाचा टाय घालून, अशा चेहऱ्याने की नाणं टाकणाऱ्याला नोट टाकावीशी वाटे. गावात त्याची जी काही प्रतिष्ठा होती ती त्या ताटात होती.

"आणि मी पोचलो तर?"

"तर मी इथे, सगळ्यांसमोर, 'चुकलो' म्हणेन."

गॉर्डनच्या बायकोने कप खाली ठेवला. हा शब्द ऐकायला ती लग्नापासून थांबली होती.

"चर्चमध्ये पैज लावू नये," पास्टर हॅल्व्होर्सन जाता जाता म्हणाले.

"आपण तळघरात आहोत, पास्टर."

"मग असू दे," पास्टर म्हणाले आणि आणखी एक वडी घेऊन गेले.

घरी परतताना वेंडेलची बायको मार्लिस गाडी चालवत होती. चर्चचं वळण तिने मागे टाकलं. मग म्हणाली, "त्या पोराला तू माहीत तरी आहेस का?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"गुडघा तुझा आहे," मार्लिस म्हणाली.

अंगणात खेळायचं तर रेघा हव्यात, आणि रेघा हव्यात तर वसाहतीच्या समितीची परवानगी हवी. मेपल रिज वसाहतीत पत्रपेटीला कुठला रंग द्यावा, कचऱ्याचा डबा किती वाजता रस्त्यावर दिसावा आणि किती वाजता दिसेनासा व्हावा, हे सगळं समिती ठरवते. समिती म्हणजे लोरेन पेक. बाकीचे सभासद हात वर करतात.

"अंगणात पांढऱ्या रेघा?" लोरेनबाई दारातच म्हणाल्या. "नाही चालणार."

"आणि हंगामी सजावट म्हटलं तर?"

लोरेनबाईंचे डोळे किंचित लकाकले. बाई मनाने वाईट नव्हत्या. नियम मोडलेला त्यांना बघवत नसे, पण वाकवलेला बघायला आवडे.

"सजावट चालते. भोपळे, बुजगावणी, ऋतूला धरून काहीही. पण एका अंगणात अकराच्या वर आकृत्या नकोत."

हा नियम नाताळच्या एका देखाव्यामुळे आला होता. एका घराने बाळ येशूभोवती दर वर्षी मेंढ्या वाढवत नेल्या, आणि शेवटी कळप चौकात आला. एक मेंढी बसथांब्यावर सापडली होती.

"मला बावीस लागतात."

"मग दोन अंगणं घ्या. अकरा तुमच्याकडे, अकरा टिबेट्सकडे."

अशा रीतीने दोन्ही संघांमधली रेघ बरोबर क्रूगर आणि टिबेट्स यांच्या हद्दीवर आली, आणि वेंडेलने पोचायचं ते टोक गॉर्डनच्या दाराशी गेलं.

"आणि आकृत्या हलता कामा नयेत," लोरेनबाई म्हणाल्या. "मागे एकाने हात हलवणारा सांता ठेवला होता. समोरच्या आजी त्याला उलट हात हलवत थंडीत दिवसभर उभ्या राहिल्या. वेड्यासारखं बघू नका, आजारी पडल्या त्या."

"पण न हलता फुटबॉल कसा खेळायचा?"

"वाऱ्याने हललं तर चालतं."

दोघांनी झाडांकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं.

"माझ्याकडे पानं उडवायचं यंत्र आहे," लोरेनबाई जरा वेळाने म्हणाल्या. "ते सुरू केलं की वारा धरायचा. बंद केलं की जागच्या जागी थांबायचं. मी स्वतः उभी राहीन."

वेंडेलने होकार दिला. या टप्प्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

आता माणसं. गॉर्डनने आपला बोलिंगचा संघ उभा केला. सगळे भरदार, आणि एकदा उभे राहिले की पुन्हा बसेपर्यंत तिथेच. वेंडेलला वाट करून देणारे पाच जण हवे होते. त्याने ऑफिसात विचारलं. सगळ्यांना त्या रविवारी नेमकी मावशी होती.

"आम्ही येतो," मार्लिस म्हणाली.

आम्ही म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायका. प्रार्थना व्हायच्या आधी बशीभर बटाट्याचं सॅलडसुद्धा पुरुषांच्या हाती लागू द्यायचं नाही, हे या बायकांचं कित्येक वर्षांचं व्रत होतं. त्या दाराला खांद्याला खांदा लावून उभ्या राहत आणि तोंडाने हवापाण्याच्या गप्पा मारत. त्यांना ओलांडून आजवर कोणी आत गेलेलं नव्हतं. त्यांतल्या आर्डिसबाईंनी एकदा खुद्द बिशपला परतवलं होतं.

सरावाच्या संध्याकाळी सगळी वसाहत सल्ला द्यायला आली, आणि वेंडेलचे उरलेले पाच गडी त्यांतूनच मिळाले. कुत्रं फिरवणाऱ्याने गुडघे उचलायला सांगितले. पोस्टमन म्हणाला, गुडघे खालीच बरे, उचलले की कुत्री मागे लागतात. समोरच्या आजी, सांतावाल्या, रोज खिडकीतून हात हलवत. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका गृहस्थाने चेंडू बाळासारखा धरायचा असतो असं सांगितलं आणि धरून दाखवताना पाडला. त्याला चार मुलं होती. वेंडेलने सगळ्यांचं ऐकलं, आणि आपल्या अंगणात आपल्यालाच बोलायला संधी मिळत नाही याचं त्याला मनातून फार वाईट वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी गॉर्डन हद्दीपलीकडच्या आपल्या कोपऱ्यात ओणवा होऊन काहीतरी टाकताना दिसला.

"हे काय?"

"गवताचं बी. तो कोपरा पार जळून गेला होता. सप्टेंबरात नाही पेरलं तर कधी पेरणार?" गॉर्डनने बियांवर पेंढा पसरला, चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या आणि दोरी ओढून तिला चिंध्या बांधल्या. "रविवारी माझी माणसं बाजूने उभी राहतील. काळजी नको."

दोरी गुडघ्याच्याही खाली होती. पोरटंसुद्धा सहज ओलांडेल अशी. वेंडेलला त्यात काही वावगं दिसलं नाही.

रविवारी दुपारी मेपल रिजमध्ये गाड्या लावायला जागा उरली नाही. रेडिओने बातमी फोडली होती. माणसं घडीच्या खुर्च्या आणि शेगड्या घेऊन आली, सॉसेजांचा धूर निघाला, कोणीतरी चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, पातेलं आणलं. कालच्या सामन्यात टॉलिव्हर पुन्हा गर्दीतच राहिला होता, त्यामुळे गावाला कुठेतरी काहीतरी व्हायला हवं होतं. लोरेनबाई पाठीवर यंत्र अडकवून, कानाला जाड टोपणं लावून हद्दीवर उभ्या होत्या.

वेंडेल बुटाची नाडी बांधत असताना त्याच्या अंगावर सावली पडली. वर पाहिलं तर हुडी घातलेला एक आडदांड मुलगा सायकल धरून उभा.

"मिस्टर क्रूगर का तुम्ही?"

वेंडेल उभा राहिला. नाडी अर्धीच राहिली. "टॉलिव्हर," तो म्हणाला. "बाळा, तू अजिबात काळजी करू नकोस. आज मी सगळं सिद्ध करून दाखवतो."

"सर, तेच सांगायला आलोय. नका करू."

"म्हणजे?"

"तुम्ही रेडिओवर बोललात की दुसऱ्या दिवशी पत्रकार मला तेच विचारतात. पुढचे पाच जण कामाचे नाहीत, असं तुला वाटतं का म्हणून. ते पाच जण माझे मित्र आहेत सर. दोघं माझ्याच खोलीत राहतात. आता जेवायला माझ्या टेबलावर बसत नाहीत." त्याने सायकलची घंटी उगाच बोटाने फिरवली. "आणि माझी आई फोन करून विचारते, हा क्रूगर कोण आहे?"

 गेले कित्येक दिवस हा मुलगा समोर आला तर काय बोलायचं, हे वेंडेलने आंघोळ करताना शेकडो वेळा ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य इथे बसत नव्हतं. तेवढ्यात गॉर्डनने पलीकडून हाक मारली, "येतोस का वकीलसाहेब, की अशिलाशीच बोलत बसतोस?" आणि सगळे हसले.

वेंडेल जागेवर गेला. पुढे मार्लिस, आर्डिस आणि आणखी तिघी, एप्रन बांधून, खांद्याला खांदा लावून. मार्लिसने मान वळवली. "डाव्या अंगाने ये. आम्ही उघडतो."

लोरेनबाईंनी यंत्राची दोरी ओढली. वारा सुटला.

जे झालं ते वर्णन करताना कॅल्डरचे लोक आजही आवाज खाली आणतात. आर्डिसबाई समोरच्या गड्याला "यंदा दंव लवकर पडणार म्हणतात" असं म्हणाल्या आणि त्याला बोलता बोलता पत्रपेटीपर्यंत नेऊन सोडून आल्या. मार्लिसने एकाच खांद्यावर दोघांना सावरून धरलं, जसे थाळ्या धरतात तसे. बोलिंगचा संघ पडद्यासारखा दोन्हीकडे सरला, आणि मध्ये वाट उघडली. साधीसुधी नाही. गॅरेजच्या दाराएवढी. गॉर्डनने आयुष्यात पाहिली नसेल अशी.

वेंडेल त्या वाटेने निघाला. चेंडू काखेत, गुडघ्यांचं गुडघ्यांना ठाऊक. तो चक्क पळत होता. हद्दीची रेघ ओलांडली. समोर कोणी नव्हतं. समोर फक्त दोरी होती, चिंध्या बांधलेली, आणि दोरीपलीकडे पेंढ्याखाली नवीन पेरलेलं गवत.

वेंडेल थांबला.

डोक्याने नाही, पायांनी. मेपल रिजमध्ये घर घेतल्यापासून त्याने कोणाच्या नव्या गवतावर पाऊल ठेवलं नव्हतं. पाव्हण्यांच्या मुलांना त्याने तिथून उचलून आणलं होतं. एकदा तर स्वतःची उडालेली टोपी त्याने पानं गोळा करायच्या लांब दांड्याच्या पंजाने ओढून घेतली होती आणि मग पेंढा नीट करून ठेवला होता. पुढे विजय होता, टॉलिव्हरची अब्रू होती, राखाडी कोट होता. पण कोवळं बी होतं. त्याने एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे, आणि पदपथावरून वळसा घ्यायला निघाला.

गॉर्डन तिथेच, पदपथावर उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याने वेंडेलला पाडलंसुद्धा नाही. खांद्यावर हात ठेवला, शिकाऊ माणसाच्या ठेवतात तसा, आणि उजवा पाय दाबत म्हणाला, "थांब."

वेंडेल थांबला. लोरेनबाईंनी वारा बंद केला. बावीसच्या बावीस आकृत्या नियमाप्रमाणे जागच्या जागी उभ्या राहिल्या.

गॉर्डनला फुटबॉल कळत असेल नसेल. त्याला वेंडेल कळत होता.

गर्दी चिलीकडे वळल्यावर वेंडेल फुटपाथच्या कडेला बसला. टॉलिव्हर येऊन शेजारी बसला. त्याचे गुडघे वेंडेलच्या खांद्यापर्यंत आले.

"वाट दिसली होती ना, सर?"

"दिसली."

"मग?"

"पलीकडे नवीन गवत होतं."

टॉलिव्हर हसला नाही. त्याने पेंढ्याकडे पाहिलं.

"माझंही तेच होतंय," तो म्हणाला. "वाट दिसते. पण यंदा वाट दिसली की मनात येतं, पलीकडे काय असेल. आता चुकलो तर लोक काय म्हणतील. त्या डोनटवर माझं नाव आहे. एवढा विचार होईपर्यंत वाट बंद. त्या पाच जणांची काही चूक नाही सर. माझीच आहे."

मागे उभ्या गॉर्डनने दोन्ही हात पसरले. 

"काहीतरीच काय," वेंडेल ताडकन म्हणाला. "तुझी मुळीच चूक नाही."

"सर, मी स्वतः सांगतोय."

"तू लहान आहेस. तुला त्यातलं कळत नाही."

टॉलिव्हरने गॉर्डनकडे पाहिलं. गॉर्डनने खांदे उडवले. "हा असाच आहे," तो म्हणाला. "सवय कर."

मार्लिस एप्रन सोडत आली आणि तिने टॉलिव्हरच्या हातात फडक्यात गुंडाळलेला जड ट्रे दिला. "लिंबाच्या वड्या आहेत. त्या पाच पोरांना दे. सांग, क्रूगरबाईंनी दिल्यात, आणि क्रूगरांनी माफी मागितली आहे."

"मी कधी—" वेंडेल म्हणाला.

"आणि सांग," मार्लिस म्हणाली, "वाट उघडून धरायची आणि माणूस येऊच नये, तेव्हा कसं वाटतं ते मला कळलंय."

वेंडेल त्या आठवड्यात रेडिओवर एकदाही बोलला नाही. दोनदा त्याने फोन उचलला, आणि दोन्ही वेळा मार्लिस नुसती खोलीतून गेली.

शनिवारी टॉलिव्हर पळाला. पहिल्याच डावात वाट उघडली आणि तो गेला, दुसऱ्यात गेला, मग तर वाट उघडायच्या आधीच गेला. शेवटी त्या पाच जणांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा स्टेडियममधल्या मिशा ओल्या झाल्या होत्या. हे जमलं कसं, असं पत्रकारांनी विचारलं. तो म्हणाला, "पलीकडे कोणाचं गवत आहे, याचा विचार केला नाही."

रेडिओवर या वाक्यावर आठवडाभर चर्चा झाली. माजी प्रशिक्षकांनी सांगितलं की ही चढाईची एक जुनी पद्धत आहे आणि आमच्या काळी ती सर्रास वापरत. एकाने फळ्यावर काढूनही दाखवली. बेकरीत जॅम परत आला.

पण पैज ती पैज. रविवारी सकाळी वेंडेल क्रूगर गॉर्डनच्या भाच्याकडून आणलेला जांभळा सदरा घालून चर्चच्या मधल्या वाटेवर उभा राहिला. सदरा भाच्याच्या मापाचा होता, आणि भाचा सडपातळ होता. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचा एक सूर चुकला. पास्टर हॅल्व्होर्सन म्हणाले, "परमेश्वराच्या घरी सर्वांचं स्वागत आहे," आणि जरा थांबून म्हणाले, "सर्वांचं." वेंडेलने ताट उचललं. चेहरा तोच ठेवला, राखाडी कोटाचा. रांगेमागून रांग ताट पुढे जात राहिलं. कोणी हसलं नाही, म्हणजे सगळे छताकडे बघत होते.

शेवटच्या बाकावर गॉर्डन होता. त्याने ताट हातात घेतलं, त्यात दानाचं पाकीट टाकलं, आणि ताट धरूनच बसला. त्याचे ओठ हलले. त्याच्या बायकोने झटकन मान वळवली.

"काय म्हणालास?" वेंडेलने कुजबुजत विचारलं.

"ताट घे म्हणालो," गॉर्डन म्हणाला.

दुपारी मार्लिसने वेंडेलला टिबेट्सांकडे त्यांचं चिलीचं पातेलं परत द्यायला पाठवलं. वेंडेल अंगणात आला आणि हद्दीवर थबकला. कोपऱ्यातल्या खुंट्या उपटलेल्या होत्या. दोरी, चिंध्या, सगळं गुंडाळून भिंतीशी ठेवलं होतं. पेंढ्यातून गवताचे बारीक हिरवे कोंब डोकावत होते, आणि वेंडेलच्या दारापासून गॉर्डनच्या दारापर्यंत सरळ, मोकळी वाट होती. गॉर्डन खिडकीत कप घेऊन उभा होता आणि दुसरीकडेच बघत होता.

वेंडेलने ती वाट नीट पाहिली. पातेलं काखोटीला मारलं. आणि पदपथावरून, पत्रपेटीला वळसा घालून, लांबच्या रस्त्याने गेला.

"टॉलिव्हर असता तर," गॉर्डन दार उघडत म्हणाला.

"त्याची गोष्ट वेगळी आहे," वेंडेल म्हणाला. "त्याला पुढे ते पाच जण आहेत."